पेट्रोल निम्म्या भावात, तरी पैसे का उरत नाहीत? (आखेनला १३ वर्षं आणि आता मिशिगनमध्ये गाडी चालवणाऱ्याचं लांबलचक उत्तर)

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कंपनीने दोन जागा समोर ठेवल्यात, एक जर्मनीत आखेनजवळ आणि एक अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या बाहेर. तुम्ही नेटवर बघितलंत की अमेरिकेत पेट्रोल जर्मनीच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं, म्हणजे तिकडे गेलो तर गाडीचा खर्च निम्मा होणार, बरोबर ना? आणि जोडीला हेही विचारलंय की युरोपातले लोक जपून गाडी चालवतात आणि अमेरिकन उधळे, हे खरं आहे का.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी २००९ मध्ये पुण्याहून आखेनला मास्टर्सला गेलो, मग तिथेच इंजिन कॅलिब्रेशनमध्ये लागलो, बरीच वर्षं डिझेल आणि नंतर पेट्रोल, आणि २०२२ च्या शेवटी बदली होऊन मिशिगनला आलो. म्हणजे गाडीने किती प्यायलं हे मोजणं हाच माझा धंदा आहे, घरी पण मी वहीत लिहून ठेवतो, बायको हसते.

तर तुमचा खरा प्रश्न लिटरचा भाव किती हा नाहीये. वर्षाला किती लिटर लागणार हा आहे, आणि त्याचं उत्तर पंपावर मिळत नाही.

पण भावापासूनच सुरू करू, कारण तिथेच पहिला गोंधळ होतो. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर (ब्रिटिश गॅलन वेगळा, ४.५४६, नेटवर हे दोन्ही मिसळलेले असतात, सांभाळा). गणितासाठी मी गोल आकडे धरतो, तुम्ही वाचाल तेव्हा भाव बदललेले असतील. मिशिगनमध्ये गॅलनला ३.२० डॉलर, म्हणजे लिटरला साधारण ८५ सेंट. जर्मनीत लिटरला १.७५ युरो. युरो १.१० डॉलरला धरला तर जर्मन पेट्रोल लिटरला १.९३ डॉलर. सव्वादोन पट.

आता हे सव्वादोन पट कुठून आलं? कच्चं तेल दोघांना जवळपास त्याच भावात मिळतं. जर्मनीत पेट्रोलवर लिटरला ६५.४५ सेंट ऊर्जा कर आहे. त्या सगळ्यावर १९ टक्के व्हॅट, १.७५ मध्ये तो २८ सेंट होतो. हो, करावर पण कर. वर २०२१ पासून कार्बनची किंमत लागते, टनाला २५ युरोपासून सुरू झाली आणि २०२५ ला ५५ झाली, म्हणजे लिटरला अजून तेराएक सेंट. बेरीज करा, १.०७ युरो सरकारचे आणि ६८ सेंट तेल, रिफायनरी, टँकर, पंपवाला या सगळ्यांचे मिळून. ६८ युरोसेंट म्हणजे ७५ अमेरिकन सेंट.

अमेरिकेत केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट. लिटरला नाही, गॅलनला! राज्यांचा कर वेगवेगळा, कॅलिफोर्नियात भरपूर, अलास्कात नावाला, सरासरी काढली तर दोन्ही मिळून गॅलनला पन्नास सेंटच्या आसपास म्हणजे लिटरला तेरा-चौदा सेंट. ८५ मधून ते काढा, उरले ७१. म्हणजे कर बाजूला ठेवला तर ७५ आणि ७१. एकच माल आहे हो. फरक सगळा करपावतीचा.

एक गंमत जी बऱ्याच लोकांना माहीत नसते. सगळ्यांना वाटतं युरोपातली सरकारं दरवर्षी पेट्रोलवर कर चढवत बसतात. जर्मनीने १९९९ ते २००३ अशी पाच वर्षं दरवर्षी लिटरला तीन-तीन सेंट वाढवले, पर्यावरण कर म्हणून, आणि त्यानंतर, २०२२ च्या उन्हाळ्यातली तात्पुरती सवलत सोडली तर, तो ६५.४५ चा आकडा तसाच ठेवलाय. अमेरिकेचा १८.४ तर १९९३ पासून हललेला नाही. दोन्हीकडे पुढाऱ्यांना हात लावायची भीती वाटते, आणि उगाच नाही, २००० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये डेपो अडवले गेले होते आणि २०१८ मध्ये फ्रान्समध्ये पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले ते इंधनावरच्या करवाढीवरूनच.

बरं आता वर्षाचा हिशोब, माझ्याच वहीवरून थोडा गोल करून.

आखेनला आमच्याकडे एक गाडी होती, १.४ टर्बो पेट्रोल. वर्षाला १२,००० किलोमीटर, १०० किलोमीटरला ६.५ लिटर, आपल्या भाषेत एव्हरेज १५ च्या थोडं वर. ७८० लिटर, १.७५ ने १,३६५ युरो. बायको बस आणि ट्रेनने जायची. आज तुम्ही गेलात तर देशभर चालणारं मासिक तिकीट आहे, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, नंतर ५८, पुढे अजून वाढलं, ५८ च्या हिशोबाने वर्षाचे ७०० धरा. एकूण २,०६५ युरो, म्हणजे २,२७० डॉलर.

मिशिगनमध्ये आम्ही आल्या आल्या एकच गाडी घेतली होती, शहाणपणा म्हणून. सहा आठवडे टिकला शहाणपणा. आमच्या भागात बस आहे असं म्हणायला आहे, पण किराणा आणायला सुद्धा फूटपाथ मध्येच संपतो आणि पुढे सात लेनचा रस्ता. दुसरी गाडी घ्यावीच लागली. अमेरिकेत एका ड्रायव्हरमागे वर्षाला १३,५०० मैलांच्या आसपास सरासरी सांगतात आणि माझं पण साधारण तेवढंच होतं, म्हणजे २१,७०० किलोमीटर. गाडी एसयूव्ही, २६ मैल गॅलनला म्हणजे एव्हरेज ११. ५१९ गॅलन, १,६६० डॉलर. बायकोची ९,००० मैल, तसलीच गाडी, १,१०० डॉलर. झाले २,७६० डॉलर.

म्हणजे सव्वादोन पट स्वस्त पेट्रोल घेऊन मी वर्षाला ५०० डॉलर जास्त भरतोय! आणि यात दुसऱ्या गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्स धरलेलाच नाही, मिशिगनचा गाडीचा इन्शुरन्स अख्ख्या अमेरिकेत महागड्यांपैकी आहे, पहिलं कोटेशन बघून मला वाटलं एजंटने चुकून सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षांचं दिलंय.

आता हे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य. तुम्ही आयफेलच्या डोंगरातल्या गावात घर घेतलंत तर जर्मनीत पण दोन गाड्या लागतील, २०,००० किलोमीटर झाले तर २,५०० डॉलर. उलट अमेरिकेत ऑफिसपासून पाच मैलांवर राहिलात आणि गॅलनला ५० मैल देणारी हायब्रिड घेतलीत तर १३,५०० मैलांना फक्त ८६४ डॉलर. आणि पगाराच्या मानाने बघितलं तर अमेरिकेत पेट्रोल खरंच हलकं वाटतं, ते नाकारत नाही. पण तुम्ही "निम्मा खर्च" म्हणून ठरवत असाल तर नका ठरवू.

इथे थोडं थांबून एककांबद्दल सांगतो कारण माझ्या धंद्यातली सगळ्यात जुनी फसगत ही आहे. आपण म्हणतो "गाडी लिटरला किती देते", अमेरिकन पण तसंच मोजतात, गॅलनला किती मैल. जर्मन उलटं मोजतात, १०० किलोमीटरला किती लिटर. आपल्याला ते उलटं वाटतं पण खिशासाठी तेच सरळ आहे. कोणी १२ मैलांचा पिकअप विकून १५ मैलांचा घेतला तर १०० किलोमीटरला जवळजवळ ४ लिटर वाचतात. कोणी ३० ची गाडी विकून ४० ची घेतली तर २ लिटर. ऐकायला ३० ते ४० मोठी उडी वाटते, वाचतं मात्र निम्मं. एव्हरेज काढायचं झालं तर मैलांच्या आकड्याला ०.४२५ ने गुणा, आणि जर्मन आकडा असेल तर १०० ला त्याने भागा. ब्रोशरमधल्या आकड्यांपैकी अमेरिकन स्टिकरवरचा मला जास्त प्रामाणिक वाटतो. युरोपची २०१७ च्या आधीची जुनी चाचणी म्हणजे फारच लाडाची होती, त्यावर ५.० लिहिलेली गाडी रस्त्यावर साडेसहा प्यायची आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत असायचं. नवीन चाचणी बरी आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जपून कोण चालवतं.

शहरात जर्मन माणूस खरंच जपून चालवतो. हाताचा गिअर, दोन हजार आरपीएमच्या आत वरचा गिअर टाकायचा, पुढे सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी सोडून द्यायची कारण तेव्हा इंजेक्टर बंद असतो आणि पेट्रोल शून्य जातं (न्यूट्रल करून उतारावर सोडणारे काका आपल्याकडे आहेत ना, त्यांना सांगा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, गिअरमध्ये नाही लागत). गाडी उगाच चालू ठेवून उभं राहायला तिथे कायद्यानेच बंदी आहे, आमच्या शेजारचे आजोबा तर खिडकी उघडून ओरडायचे. इकडे मिशिगनमध्ये जानेवारीत लोक घरातून रिमोटने गाडी चालू करतात आणि पंधरा मिनिटं अंगणात ती एकटीच गरम होत बसते. मोठ्या इंजिनाला तासाला दोन लिटर धरा, पंधरा मिनिटांचा अर्धा लिटर, हिवाळ्यातले १०० दिवस, ५० लिटर, म्हणजे ४२ डॉलर. उणे पंधरात गरम सीटवर बसायचे ४२ डॉलर! खरं सांगू, मी पण करतो आता.

पण तोच जर्मन माणूस ऑटोबानवर (तिथला महामार्ग) गेला की वेगळाच. बऱ्याच पट्ट्यात वेगमर्यादाच नाही, १३० ची फक्त शिफारस आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १२० वरून १६० ला गेलात की विरोध पावणेदोन पटीच्या वर. माझीच गाडी १२० ला ६.३ प्यायची आणि १७० ला साडेनऊ. महागड्या पेट्रोलच्या देशात लोक हे खुशाल करतात आणि स्वस्त पेट्रोलच्या देशात अमेरिकन माणूस मोठं इंजिन घेऊन क्रूझ कंट्रोल लावून ७५ मैलांवर म्हणजे १२० वर निवांत बसलेला असतो. मग जपून चालवणारा कोण?

याचं उत्तर मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये मिळालं. आमच्याकडे डाव्या लेनमध्ये २०० ने जाणारे सगळे कंपनीच्या गाडीवाले. जर्मनीत कंपनीची गाडी खाजगी वापराला पण मिळते, त्याचा कर गाडीच्या यादीतल्या किमतीच्या महिना एक टक्का उत्पन्न धरून लागतो, किती किलोमीटर फिरलात याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि बऱ्याच जणांना सोबत पेट्रोलचं कार्ड. लिटर दोन युरो झालं काय आणि तीन झालं काय, त्यांच्या पायाला ते कळतच नाही. भावाचा परिणाम फक्त स्वतः पैसे भरणाऱ्यावर होतो, ही गोष्ट देशांची तुलना करताना सगळे विसरतात.

आणि स्वतः भरणाऱ्यावर सुद्धा तो होतो तो सावकाश. २०२२ च्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये जर्मन सरकारने इंधनावरचा कर कमी केला होता, व्हॅट धरून पेट्रोल लिटरला ३५ सेंटांपर्यंत स्वस्त व्हायला हवं होतं. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर रांग बघायला हवी होती, दसऱ्याला सोन्याच्या दुकानात असते तशी. पण त्याच तीन महिन्यांत महिन्याला ९ युरोचं देशभराचं तिकीट पण काढलं होतं, आणि माझी वही सांगते की पेट्रोल सवलतीत होतं तेव्हाच मी गाडी सगळ्यात कमी चालवली. कोलोनला उभं राहून गेलो ट्रेनमध्ये, पण गेलो ट्रेननेच. पर्याय हाताशी होता म्हणून.

इकडचं उदाहरण घ्या. माझा एक सहकारी लान्सिंगजवळून येतो, एका बाजूला सत्तर मैल. का, तर तिकडे त्याच पैशात मोठं घर, मागे झाडी, मुलांना चांगली शाळा. पेट्रोल स्वस्त म्हणून त्याने पैसे वाचवले नाहीत, त्याने त्या स्वस्ताईचं घर घेतलं. आता पेट्रोल पाच डॉलर झालं तरी त्याला सत्तर मैल यावंच लागणार, २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेची सरासरी पहिल्यांदा पाच डॉलरच्या वर गेली तेव्हा तो शिव्या देत येत होता म्हणे, पण येत होता. मी इतकी वर्षं बघून एवढंच शिकलोय की पेट्रोलच्या भावाने माणसाचा पाय बदलत नाही, घराचा पत्ता आणि गाडीचं इंजिन बदलतं, आणि तेही दहा-वीस वर्षांत.

इंजिनाचं म्हणाल तर डिझेल हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आणि त्यावर माझं पोट चाललंय. जर्मनीत डिझेलवर कर ४७.०४ सेंट, पेट्रोलपेक्षा लिटरला १८.४ सेंटांनी कमी (गंमत म्हणजे अमेरिकेचा गॅलनवरचा अख्खा केंद्रीय कर तेवढाच!). पण डिझेल गाडीचा वार्षिक कर जास्त, १०० सीसीला साडेनऊ युरो, पेट्रोलला दोन. म्हणजे सरकारच सांगतंय, जास्त फिरणार असाल तर डिझेल घ्या. लोकांनी घेतल्या, एके काळी पश्चिम युरोपात निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेल होत्या. अमेरिकेत केंद्राचा डिझेलवरचा कर उलट जास्त, २४.४ सेंट, त्यामुळे तिथे डिझेल म्हणजे ट्रक आणि मोठे पिकअप. २०१५ च्या सप्टेंबरनंतर, फोक्सवॅगनचं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतल्या लबाडीचं प्रकरण बाहेर आल्यावर, युरोपात पण डिझेलची उतरण लागली, मी पेट्रोलकडे वळलो तो त्यामुळेच.

आता नवीन माणसाला लागणाऱ्या फुटकळ गोष्टी, क्रम नाही काही.

अमेरिकेत पंपावर ऑक्टेनचा आकडा (पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू नये यासाठीची प्रत) ८७ दिसेल आणि जर्मनीत ९५, तर अमेरिकन पेट्रोल हलकं आहे असं समजून महागडं भरू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेचं ८७ म्हणजे युरोपच्या मोजणीत साधारण ९१, आणि युरोपचं ९५ म्हणजे तिकडचं ९१. तिथे विकलेल्या गाड्या ८७ धरूनच ट्यून केलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये प्रीमियम "आवश्यक" लिहिलं असेल तरच भरा, "शिफारस" असेल तर ८७ ने चालतं, इंजिनातला नॉक सेन्सर ठोके ओळखतो आणि ठिणगी जरा उशिरा पडते, ताकद थोडी कमी मिळते, बस.

नळीच्या रंगावर जाऊ नका! युरोपात हिरवी नळी म्हणजे पेट्रोल आणि काळी म्हणजे डिझेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हिरवी म्हणजे डिझेल. मी, डिझेलवर बरीच वर्षं काम केलेला माणूस, पहिल्याच आठवड्यात भाड्याच्या गाडीत हिरवी घालायला गेलो. डिझेलची नळी जाड असते म्हणून तोंडात बसली नाही, वाचलो.

जर्मनीत आधी भरायचं, मग आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. अमेरिकेत आधी कार्ड, मग पेट्रोल, आणि मशीन पिनकोड विचारतं, भारतातलं कार्ड असेल तर तिथेच अडतं, मग आत जाऊन "तीन नंबरवर चाळीस डॉलर" सांगायचं. न्यू जर्सीत मात्र स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे, १९४९ पासून, काच खाली केली की माणूस येतो. एडिसनला नातेवाइकांकडे गेलो की तेवढंच पौड रोडवर आल्यासारखं वाटतं.

भावाबद्दल, मी होतो तेव्हा जर्मनीत तो दिवसातून कितीतरी वेळा बदलायचा, सकाळी सातच्या सुमारास सगळ्यात चढा असायचा आणि संध्याकाळी उतरायचा, सगळे पंप सरकारी नोंदीत भाव कळवतात, त्यामुळे कुठल्याही ॲपवर दिसतो. मी ऑफिसला जाताना नाही, येताना भरायचो. ऑटोबानवरच्या पंपावर तर अजिबात नको, एक एक्झिट बाहेर जा. आखेनला नेदरलँड्सची हद्द बसच्या अंतरावर, एरवी त्यांच्या पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या आमच्याकडे टाकी भरायला यायच्या, म्हणजे जर्मनांना महाग वाटणारं पेट्रोल डचांना स्वस्त.

आणि लायसन्स. भारतीय लायसन्सवर जर्मनीत सहा महिने चालवता येतं, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते, ड्रायव्हिंग स्कूल धरून हजार-दोन हजार युरो बाजूला ठेवा. पुण्यात वीस वर्षं चालवली म्हणून आरामात जाल आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायच्या नियमावर नापास व्हाल, मी झालोय. वहिनींनाही चालवायची असेल तर हा खर्च दोनदा.

तर दोन्ही ऑफर हातात असतील तर एचआरला पेट्रोलबद्दल काही विचारू नका. आखेनच्या बाजूला विचारा की ऑफिस शहरात आहे की बाहेर औद्योगिक वसाहतीत, आणि बस शेवटची किती वाजता. मिशिगनच्या बाजूला विचारा की दुसऱ्या गाडीसाठी काही मदत देतात का आणि इन्शुरन्सला भारतातला अनुभव धरतात का (बहुतेक नाही). मग घर कुठे बघताय ते आणि रोजचं अंतर इथे लिहा, वही काढून बसतो.